जी आधी मोकळी होईल, तिची खोली

पडदा वर गेला की आधी अंगण दिसतं. कडेगाव तालुक्यातल्या एका गावाच्या कडेचं, शेणानं सारवलेलं, फाल्गुनातल्या उन्हानं डोळे दिपवणारं अंगण. मधोमध दोन खाटा, खाटांवर जुन्या साड्या आणि साड्यांवर ओल्या कुरडयांची नक्षी. उजवीकडे तीन दगडांची चूल, तिच्यावर गव्हाचा चीक रटरटतो आहे. डावीकडे गोठा, त्यातली म्हैस सगळ्या नाटकाला कंटाळलेल्या प्रेक्षकासारखी रवंथ करते आहे. खाटांच्या उशाशी काठ्या घेऊन दोन मुली बसल्या आहेत, सात वर्षांची तेजू आणि चार वर्षांची नंदू. काम काय, तर कावळे हाकलायचे. पण कावळ्यांना मिळाल्या नसतील एवढ्या कुरडया या दोघींनीच फस्त केलेल्या, आणि दोघींची तोंडं चिकानं माखलेली.

अंगणाच्या मधोमध, जिथं नाटक कंपनीचा मुख्य नट उभा राहायचा तिथं, मनुबाई. हातात सोऱ्या, पदर खोचलेला, आवाज असा की पलीकडच्या आळीतल्या माणसानं जेवता जेवता घास थांबवावा. पोरींना ओरडत होती, म्हशीला ओरडत होती, नवऱ्याला म्हणजे जोतिबाला ओरडत होती, आणि मधूनच हसत होती. मनुबाईचं ओरडणं कुणी मनावर घेत नसे. ते घरात रेडिओ चालू असल्यासारखं होतं. बंद पडलं तर माणसं दचकायची.

आणि मागच्या दारातून येते ती क्रांती, मनुबाईची सून. हातात चुन्याची बादली, कोपरापर्यंत पांढरे डाग, आणि पोट असं पुढं आलेलं की बादली अंगापासून लांब धरायला लागते. ही गोष्ट तिची आहे.

क्रांती मूळची खंडाळ्याकडची. ती तेजूपेक्षाही लहान होती तेव्हा तिची आई गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि ते वाईला गेले. घाटाजवळ फुलं, नारळ, कापूर विकायचं छोटं दुकान टाकलं. नव्या संसारात जुन्या पोरीला जागा नव्हती. तिला चुलत्यानं वाढवलं. मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, पण कुठल्या सणाला नवा फ्रॉक आणला तर चुलतीला तो चार बायकांत बोलून दाखवल्याशिवाय चैन पडत नसे. बारावी झाली आणि लष्करातल्या जयराजचं स्थळ आलं. हळदीच्या मांडवात कुणीतरी कुजबुजलं की पोरीला आई नाही, पाठवणीला रडणार कोण. मनुबाईनं ते ऐकलं, आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाली, की मी हिची सासू न्हाई, आई हाय, हिचं सासर बी ह्येच आन् म्हायेर बी ह्येच. बायकांनी डोळे पुसले. क्रांतीनं त्या दिवसापासून मनुबाईला आत्याबाई म्हटलं नाही, आई म्हटलं.

पहिलं बाळंतपण मात्र रीत म्हणून खंडाळ्याला चुलत्याकडे झालं. चुलतीच्या घरी बारसं उरकलं त्याच दिवशी संध्याकाळी भांड्यांचा ढीग ओल्या बाळंतिणीपुढं आला. दुसऱ्या खेपेला मनुबाईच कराडच्या एका दवाखान्यात गर्भाशयाच्या ऑपरेशनसाठी पडून होती. नंदू झाली तेव्हा क्रांतीनं स्वतःची शेगडी स्वतः पेटवली, स्वतःची कंबर स्वतः शेकली, आणि अंथरुणातल्या सासूला पेज भरवायला दोन्ही वेळा उठली. मनुबाई तेव्हा तिचा हात धरून म्हणाली होती की तिसरी खेप येऊ दे, सव्वा महिना तुला बाजेवरून पाय खाली ठेवू देणार नाही.

एवढंच क्रांतीला हवं होतं. सोनं नको, साडी नको, मुलगा हवा असंसुद्धा तिच्या मनात फारसं नव्हतं. सव्वा महिना कुणीतरी आपल्याला लेकीसारखं ताटावर बसवावं, पाठीवर गरम पाणी ओतावं, आणि ते कुणाचे उपकार म्हणून नव्हे. गावात प्रत्येक बाईला एकदा तरी ते मिळतं. तिला तेवढीच उणीव होती.

म्हणून मागच्या बाजूची, न्हाणीला लागून असलेली ती खोली ती स्वतः चुन्यानं रंगवत होती. जोतिबानं बाज नव्या काथ्यानं विणून दिली होती. कोपऱ्यात गोवऱ्या रचल्या होत्या. फळीवर डिंक, खारीक, खोबरं, बाळंतशेपा, वावडिंग असे डबे ओळीनं. खोली तयार झाल्यावर क्रांती दार ओढून घ्यायची आणि रिकाम्या बाजेवर नुसतीच बसायची. तेजूनं विचारलं, आई, इथं काय करतीस? ती म्हणाली, काही नाही गं, वारा चांगला येतो. त्या खोलीत खिडकी एवढीशी होती, वारा कुठला यायला.

पाडव्याच्या दिवशी जेवणं झाल्यावर मनुबाईनं सांगितलं की शिवांजली येते आहे.

शिवांजली म्हणजे मनुबाईची लेक, पुण्यात दिलेली. तिलाही दिवस होते, पहिलीच खेप. आधी ठरलं होतं की बाळंतपण पुण्यातच करायचं, बाई ठेवायची, सासूबाई बघतील. पण सासूबाईंचा गुडघा धरला, आणि शिवांजलीला पहिल्या खेपेला आईच हवी असं वाटायला लागलं. कुणाला वाटणार नाही? जोतिबा ताटावरून लवकर उठला आणि म्हशीला पाणी दाखवायला गेला. म्हशीला पाणी दाखवून अर्धा तास झाला नव्हता.

आता अडचण अशी, की त्या गावात एका आढ्याखाली दोन ओल्या बाळंतिणी ठेवत नाहीत. एकीची सावली दुसरीवर पडली, एकीच्या बाळाचं रडणं दुसरीच्या कानावर गेलं, तर दोहोंतलं एक बाळ वाळतं असं मानतात. ज्यांचा विश्वास नाही तेही पाळतात, कारण उद्या बाळाला साधा ताप आला तरी गाव म्हणणार, सांगितलं होतं की. जोतिबाची थोरली बहीण सुलाबाई शेजारच्या आळीत राहायची, पाडव्याला जेवायला इथंच होती. ती असल्या गोष्टींची जाणकार. तिनं तंबाखूची चिमूट दाढेखाली सारली आणि सुरू केलं.

"मनू, तुजं डोस्कं ठिकान्यावर हाय ना? एका घरात दोन बाजा?"

 मनुबाईचा रेडिओ बंद पडला होता. क्रांती ताटं गोळा करत होती, तिचे हात थांबले. घरात अजून कुणी काही ठरवलं नव्हतं, पण तिला वाटलं, आपणच पुढं होऊन खोली सोडते म्हणावं का. मग मनुबाई बोलली, आणि तिचं बोलणं सुलाबाईनं गावभर फिरवलं म्हणून आजही सगळ्यांना पाठ आहे.

"मला दोगी सारक्या. मी कुनाची बाजू घेनार न्हाई. जी आदी मोकळी हुईल तिची खोली. दुसरीनं मळ्यातल्या खोलीत ऱ्हायाचं. मग कुनी मला बोल लावू नगा."

सुलाबाई म्हणाली, हे बेस झालं, देवावरच सोडलं. जयराज राजस्थानात ड्युटीवर होता, त्यानं रात्री फोनवर ऐकलं आणि तोही म्हणाला की नियम बरोबर आहे. क्रांती मागच्या दारी जाऊन पदरानं डोळे पुसून आली, आनंदानं. डॉक्टरांनी दिलेल्या तारखा सगळ्या घराला माहीत होत्या. क्रांतीची तारीख आधीची होती, शिवांजलीची आठवड्यानंतरची. म्हणजे मनुबाईनं न्याय केल्यासारखं दाखवून खोली सुनेलाच दिली, असं क्रांतीला वाटलं. पोटची पोर येत असताना सुनेच्या बाजूनं एवढा डाव टाकणारी सासू कुणाला मिळते? त्या रात्री तिनं मनुबाईचे पाय चेपले. मनुबाई म्हणाली, ऱ्हाऊ दे गं, आणि पाय आखडून घेतले. क्रांतीला वाटलं, लाजल्या.

शिवांजली आली. नवरा वीरधवल तिला गाडीनं सोडून गेला. आता कुणी म्हणेल की ही खलनायिका. तसं काही नव्हतं. पोरगी हसरी होती, भाच्यांना फ्रॉक घेऊन आली होती, वहिनीला म्हणाली की आपण दोघी एकदमच ढोल झालोय, दारातून एकावेळी एकच जाऊया. दोघींची अंथरुणं मधल्या घरात कूलरसमोर पडली. मागची खोली बंदच. सगळं मांडून ठेवलेलं, दिवे लागायची वाट बघणारं रिकामं स्टेज असावं तशी ती होती.

क्रांती आता त्या खोलीसाठी धावत होती. कळा लवकर याव्यात म्हणून जे जे ऐकलं होतं ते ते ती करू लागली. मिरच्या कांडायला गिरणीत दे म्हटलं तर उखळात स्वतः कांडल्या. वाकून अंगण सारवलं. ऊन कलल्यावर दोन्ही पोरींना घेऊन कॅनॉलपर्यंत चालत जायची आणि परत यायची. तेजू मोजत असायची, नंदू अर्ध्या वाटेत कडेवर घे म्हणून रडायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, हिच्या मागं काय वाघ लागलाय का. वाटेत कुणी नसलं की क्रांती पोटावर हात ठेवून म्हणायची, ये की आता, किती वाट बघायला लावतीस. शिवांजली कूलरसमोर पडून फोनवर पाळण्यांची चित्रं बघत असे. तिला कुठं जायचं नव्हतं, कुठं पोचायचं नव्हतं.

अक्षय्य तृतीया उजाडली. त्या दिवशी पितरांना नवीन आंबा आणि थंड पाण्याचा माठ द्यायचा असतो. मनुबाईनं लग्न झाल्यापासून तो नैवेद्य कधी चुकवला नव्हता. त्या दिवशी मात्र ती पहाटेच ठेवणीतली साडी नेसली आणि म्हणाली, शिवांजलीला कराडला तपासणीला न्यायचंय, वीरधवल थेट तिथं येणार आहे, पुरण तू घाल, पानं तू वाढ. हातात पिशवी होती, तिच्यात मऊ जुन्या साड्यांचे चौकोनी तुकडे. क्रांतीनं ते पाहिले. तपासणीला कुणी लंगोट नेतं का, असं तिला क्षणभर वाटलं. मग वाटलं, पहिलटकरीण आहे, काही सांगता येत नाही, आई सगळ्याची तयारी ठेवतात.

भर उन्हाची ती पुरण वाटत होती. पाठ अशी ठणकत होती की तिला वाटलं, आज. आजच. ती उलट खूश होती. पानं मांडली, आमरस वाढला, जोतिबा हात जोडून पाटावर बसला, आणि फोन वाजला. सुलाबाईनं स्पीकर लावला. वीरधवलचा आवाज अख्ख्या घरात घुमला. मुलगा झाला, ऑपरेशन झालं, दोघं सुखरूप आहेत. "आणि मुहूर्त अगदी बरोबर साधला हो मामा."

जोतिबा पाटावर तसाच बसून राहिला. सुलाबाई म्हणाली, देवाच्या मनात व्हतं. क्रांती म्हणाली, व्हय, देवाच्या मनात व्हतं. तिनं राहिलेल्या पोळ्या लाटल्या. शेवटच्या पोळीला तिला पहिली कळ आली.

रात्रभर ती सरकारी दवाखान्यात कळा देत होती. सोबत सुलाबाई, बाकावर बसल्या बसल्या घोरणारी. पहाटे मुलगी झाली. नर्स म्हणाली, केवढी देखणी आहे. क्रांतीनं बाळाकडे पाहिलं आणि तिच्या मनात आलेलं पहिलं वाक्य असं होतं, की बाई, एक दिवस आधी आली असतीस तर. मग तिला स्वतःचीच लाज वाटली आणि तिनं बाळाला छातीशी घट्ट धरलं.

दवाखान्यातून ती सरळ मळ्यात गेली. उसाच्या फडामागची ती खोली, वर पत्रा, एका भिंतीला मोटारीचा स्टार्टर, एका भिंतीला खताची पोती लावलेली. जोतिबानं पोती बाहेर काढून ताडपत्री टाकली होती, बाज आणली होती. नवी नव्हे, अंगणातली. वैशाखात दुपारी पत्रा असा तापायचा की बाळाच्या अंगावर पुरळ उठलं. लाइट आली की मोटर घुर्र करून चालू व्हायची आणि बाळ दोन्ही हात पसरून दचकायचं. तेजू आणि नंदू तिच्यापाशीच, कारण घरात त्या गोंगाट करतील, शिवांजलीला टाके आहेत. पोरींना मात्र सुटीची जत्राच झाली. दिवसभर पाटाच्या पाण्यात, चिंचेखाली, कैऱ्या आणि मीठ. बाळाला मुंगी चावली तरी दोघी ओरडत येणार, आई, बाळाला मुंगीनं खाल्लं.

आणि पहिल्याच सकाळी, क्रांती उठून पाणी तापवायच्या विचारात असताना, बांध ओलांडून मेहरुनबी आली. डोक्यावर गरम पाण्याचा हंडा, काखेत तेलाची वाटी. पलीकडची टोमॅटोची पट्टी तिच्या नवऱ्याची, मौलाची. साठी उलटलेली बाई, हाडकुळी, बोलण्यात तिखट. तिनं क्रांतीला उठूच दिलं नाही. गावात सगळे तिला चाची म्हणत, क्रांतीही म्हणाली, चाची, तुमी कशाला. चाची म्हणाली, तुज्यासाटी न्हाई गं, या बाहुलीसाटी आले, तू आपली मधी आलीस. रोज ती यायची. पाठीवर पाणी ओतायची, कंबर बांधायची, बाळाला पायावर घेऊन चोळायची, ओव्याची धुरी द्यायची. क्रांती डोळे मिटून बसायची. जे मागितलं होतं ते मिळत होतं, वेगळ्या हातांनी. तिनं मनाशी म्हटलं, हे कमी नाही.

मनुबाई? मनुबाई येत होती. पण शिवांजलीच्या बाळाला न्हाऊ घातलेले हात घेऊन दुसऱ्या बाळंतिणीजवळ जायचं नसतं, म्हणून ती बांधावर बाभळीपाशी थांबायची. तिथूनच हाक मारायची.

"खाल्लंस का गं?"

"व्हय, आई."

"लाडू हायेत का?"

"हायेत."

डबा बांधावर ठेवून ती उभी राहायची. ऊन डोक्यावर, बाभळीला सावली कसली, तरी उभी राहायची, गरजेपेक्षा जास्त वेळ. तिच्याबद्दल काहीही म्हणा, पण त्या उन्हात तिला कुणी उभं केलं नव्हतं. मग जायची. ओरडायची नाही, हसायची नाही.

नातवाचं बारसं झालं. पुण्याहून दोन गाड्या आल्या, दारात मांडव पडला. कर्णा वाड्यावस्त्यांपर्यंत ऐकू जाईल असा बांधलेला, पाळणा म्हणणाऱ्या बायकांचे आवाज उसावरून तरंगत मळ्यापर्यंत येत होते. तेजू आणि नंदूला आजोबांनी नेलं होतं. परत आल्या त्या हातात जिलबीच्या कागदी ताटल्या घेऊन. नंदूनं येताच विचारलं, आपल्या बाळाचं बारसं कधी? तेजू म्हणाली, गप, आपलं बाळ मळ्यातलं हाय. कुणी शिकवलं नव्हतं तिला ते. स्वतःच्या डोक्यानंच बोलली.

मेहरुनबी बाळाला तेल लावत होती. तिनं ते ऐकलं. क्रांतीचा चेहरा पाहिला आणि तिला वाटलं, सासूवरचा राग आत धरला तर दूध आटतं, दोन शब्द बोलावेत. तिनं जे सांगितलं ते सांत्वन म्हणूनच. त्या बाईच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं.

"सासूला वंगाळ म्हनू नगंस. तुजी काळजी तिला लय. शिमग्याला पुरनपोळी घिऊन आलती माज्याकडं, तवाच बोलली, मेहरुन, वैशाखात आमची क्रांती मळ्यावर बाळंतीन असंल, तिला आई न्हाई, तेवडा महिना तू हात मोकळा ठेव. शिमग्याला बग. कोन सासू यवडी आदी सोय करती?"

क्रांती बाळाचं दुपटं घडी करत होती. घडी पुरी केली. मग विचारलं, "शिमग्याला?"

"व्हय की. होळीच्या दुसऱ्या दिवशी."

होळीनंतर तिनं ती खोली चुन्यानं रंगवली होती. होळीनंतर मनुबाई फळीवरच्या डब्यांत खारीक भरत होती आणि क्रांती रिकाम्या बाजेवर बसून हसत होती. पाडव्याला सगळ्यांदेखत न्याय झाला, जी आधी मोकळी होईल तिची खोली. आणि मुहूर्त साधला. सगळं तिला एकदम, दिवे लागल्यावर स्टेज दिसावं तसं दिसलं. शर्यत सुरू होण्याआधीच संपलेली होती, आणि ती एकटी उखळात मिरच्या कांडत, पोरींना घेऊन कॅनॉलपर्यंत धावत राहिली होती. तिला हरल्याचं वाईट वाटलं नाही. धावल्याची लाज वाटली.

 चाचीला तिनं चहा करून दिला. संध्याकाळी जयराजचा फोन आला, तेव्हा तिनं एकच प्रश्न विचारला, की ऑपरेशनची तारीख आधीच घेतलेली तुम्हाला माहीत होती का. त्यानं आधी पोरी जेवल्या का ते विचारलं. मग तो म्हणाला, आईनं सांगितलं होतं, पण तुला ताण नको म्हणून तुझ्यापाशी बोललो नाही. तिनं पोरींना फोन दिला. पोरींनी बापाला जिलबीचं सांगितलं.

आजही क्रांती मळ्यातच राहते. आधी खोलीपुढं मातीची चूल घातली, मग पत्र्याखाली वाळ्याचे तट्टे बांधले, मग जोतिबानं एक पडवी काढून दिली. त्या घरात वाद झाला असं कुणी म्हणू शकत नाही. सणाला ती घरी जाते, पोळ्या लाटते, मनुबाईच्या पाया पडते, तिला आईच म्हणते. सुलाबाई गावभर सांगते की सुनेला मोकळी हवा आवडते. शिवांजलीला आजवर कुणी काही सांगितलेलं नाही. ती दिवाळीला येते, मळ्यात येऊन वहिनीला मिठी मारते, म्हणते, तुझं किती छान आहे इथं. क्रांती म्हणते, हाय खरं. आणि बाळाचं नाव चाचीनं ठेवलं, मळ्यातच, तेजू आणि नंदूनं बाजेच्या दोन टोकांना धरून पाळणा म्हटला. नाव ठेवलं ते वैशाली, वैशाखातली म्हणून.

पण सव्वा महिना सरला त्या सकाळचं सांगायचं राहिलं.

मनुबाई त्या दिवशी बांधावर थांबली नाही. आता दोघी ओल्या राहिल्या नव्हत्या, विटाळ सरला होता. ती बांध ओलांडून आली, हातात हिरवी साडी, खण, नारळ. विहिरीची पूजा करून सुनेला वाजतगाजत घरी न्यायचं तिच्या मनात होतं. येऊन पाहते तर चूल सारवलेली, तिच्यावर दूध, पोरींच्या वह्या-पुस्तकांची पिशवी खिळ्याला. मनुबाईला कुणी सांगायची गरज पडली नाही. ती उंबऱ्यावरच बसली. बाळ मांडीवर घेतलं. पहिल्यांदाच. बाळानं तिचं बोट धरलं, तशी ती बोलायला लागली आणि थांबेना. म्हणाली, चुकलं माझं. पोटची पोर आहे, पहिली खेप, पुण्याच्या माणसांनी जन्मभर टोमणे मारले असते की माहेरी एक बाळंतपण झालं नाही. तारीख त्यांनीच घेतली, मला फोनवर सांगितली, आणि मी मान डोलावली. तुला तोंडावर सांगायला माझी जीभ उचलेना, तुला शब्द दिला होता ना, म्हणून तसं बोलले, म्हटलं, देवावर गेलं की तुला वाईट वाटणार नाही. आणि तू समजूतदार. तू समजून घेशील, हे मला ठाऊक होतं.

क्रांतीनं साडी घेतली, विहिरीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, प्रसाद वाटला. पूजेत काही उणं ठेवलं नाही. मग परत येऊन चुलीपुढं बसली. मनुबाई वाट बघत होती, की आता ही रडेल, भांडेल, चार शब्द सुनावेल, म्हणजे आपल्यालाही रडता येईल. क्रांतीनं कपात चहा गाळला, सासूपुढं ठेवला. त्या उन्हाळ्याबद्दल ती जे बोलली ते तेवढंच, आधी नाही आणि नंतरही नाही.

"आई, पोरगी येतीया, तू मळ्यात जा, यवडंच सांगितलं असतं तर मी आपनहून आले असते. च्या घ्या. आन् ऊन चढायच्या आत घरी जावा, शिवांजलीचं बाळ न्हाऊ घालायचं असंल."